कालची मेणबत्ती

गिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस होता. शेजारच्या वाडीतली एक ख्रिस्ती म्हातारी रोज संध्याकाळी पदराचा आडोसा धरून तिथं मेणबत्ती लावी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला म्हणून धाकटा भाऊ आमचा जिना धडाधडा उतरून गेला, तो गोळीबारात मारला गेला. दुसरा दिवस संचारबंदीत गेला, क्रुसापाशी मेणबत्ती लागली नाही. तिसऱ्या दिवशी संचारबंदी उठली, त्या संध्याकाळी म्हातारीनं दोन मेणबत्त्या लावल्या.

"ही दुसरी कालची," ती म्हणाली.

"काल तर सरला, आजी."

"आपला सरला रे बाबा. देवाला काल नाय, उद्या नाय. त्याच्यासमोर तुझा भाऊ अजून जिना उतरतोय."

घरी परतताना जिन्यात मी नकळत कठड्याला टेकून उभा राहिलो, त्याला वाट द्यायला.