आईचा उजवा गुडघा

मी हाडांची डॉक्टर होणार हे कळल्यावर आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या काकू म्हणाल्या होत्या, "मुलीच्या हाताला कसला झेपतोय हातोडा?" आईने ते मनाला लावून घेतलं. तिचे दोन्ही गुडघे झिजले होते, तरी ऑपरेशन करून घेईन तर माझ्या लेकीकडूनच, म्हणून ती अडून बसली.

मी तेव्हा ठाण्याच्या एका हॉस्पिटलात सांधेबदल शिकत होते. शिकत होते म्हणजे काय, सर ऑपरेशन करायचे आणि मी पेशंटचा पाय धरून उभी राहायचे. करवत चालवायची ती प्लॅस्टिकच्या हाडांवर. आईला हे पटायचंच नाही. "एवढी वर्षं शिकून नुसता पायच धरतेस?" म्हणायची.

शेवटी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. करणार अर्थातच सर होते. आईला मात्र मी काहीच स्पष्ट सांगितलं नाही. भूल कंबरेखालीच दिलेली, त्यामुळे ती जागी होती. हातोड्याचे ठोके सुरू झाले तसं पडद्यापलीकडून तिने विचारलं, "तूच आहेस ना गं?"

सर थांबले. मी म्हणाले, "हो आई, मीच." सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

घाबरलीय, नंतर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. पण गुडघा उत्तम झाला, आणि हळदीकुंकवाला आलेल्या काकूंना आईने साडी वर करून व्रण दाखवला. "लेकीच्या हातचा आहे," म्हणाली. टाके तेवढे खरंच मी घातले होते. त्या टाक्यांच्या आधारावर मी गप्प बसले. अजून गप्पच आहे, आणि तिने कुणापुढे माझं कौतुक केलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आता मी स्वतः ऑपरेशनं करते. हात चांगला बसलाय. पुढच्या महिन्यात आईचा डावा गुडघा मीच करणार आहे. निदान त्याआधी तरी खरं सांगायचं, असं ठरवून परवा जेवणानंतर तिच्याजवळ जाऊन बसले.

मी तोंड उघडायच्या आत तिने उजवा पाय पुढे केला आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

"नवीन काही शिकली असशील तर ते दुसऱ्यांवर कर," ती म्हणाली. "मला आपला अगदी याच्यासारखाच करून दे."