स्लोच्या स्क्रूवरचा लाल ठिपका

माझा थोरला भाऊ जन्माचा संशयी. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हाही त्याने मास्तरांना विचारलं होतं, "मलाच का?"

धंद्यात मात्र हा स्वभाव कामी आला. सायकलींना छोटी इंजिनं बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे दादाचं काम. या सायकलींचं खरं दुखणं म्हणजे स्लो. उभी असताना इंजिनाने मंद, एकसारखं चालावं. बंदही पडू नये आणि बोंबलूही नये. दादा आधी पेट्रोलवर संशय घ्यायचा, मग कार्बोरेटरमधल्या कचऱ्यावर, मग पॅकिंगवर. सगळे निर्दोष सुटले की कान इंजिनाशी नेऊन स्लोचा स्क्रू फिरवायचा. पाव आटा, अर्धा आटा, बस. त्या कानावर त्याचं नाव चाललं होतं.

माझं शिवणयंत्र त्याच्याच दुकानाच्या कोपऱ्यात, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. यंदा दुरुस्त केलेल्या गाड्या परत येऊ लागल्या. तक्रार एकच, स्लो फार वाढलाय. पोस्टमनकाका तर पंधरवड्यात तीनदा आले. दारोदार थांबणारा माणूस, आणि सायकल उभ्या जागी पुढे ओढ घेत होती.

"कुणीतरी स्क्रू फिरवतंय," दादा म्हणाला. "माझं नाव घालवायचंय."

आधी चौकातला दुसरा मिस्त्री, मग पोस्टमनकाकांचा जावई, मग मी. घरीही तेच. वहिनीने मीठ मागितलं तरी हा म्हणे, "काय कुजबुजताय माझ्याबद्दल?" माझं तर डोकंच फिरायचं. सख्ख्या बहिणीवर पाळत ठेवतो म्हणजे काय!

शेवटी त्याने माझी लाल नेलपॉलिश उचलली आणि पोस्टमनकाकांच्या सायकलीचा स्लो नव्याने बसवून त्या स्क्रूवर ठिपका लावला. कुणी हात लावला तर ठिपका फुटणार, चोर सापडणार.

चौथ्या दिवशी काका लंगडत आले. "मिस्त्री, काल फाटकावर आपटलो. गुडघा फुटला. आता चौकातल्याकडे नेतो, राग मानू नका."

दादाने भिंग लावून ठिपका पाहिला. केसभरही फुटला नव्हता. तो माझ्याकडे वळला. "बाटली कुणाला दिली होतीस?"

मी कात्री आपटली. "हो, मीच लावला ठिपका परत! मला दुसरे उद्योगच नाहीत ना!"

त्याने इंजिन चालू केलं. ते असं बोंबललं की माझ्या टेबलावरची रिळं थरथरली. दादा कान लावून म्हणाला, "कुठे वाढलाय? बंद पडेल अशी चाललीय बिचारी."

पोस्टमनकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, दादाच्या पाठीमागे दोन पावलांवर गेले आणि घसा ताणून ओरडले, "दादा!" काका दचकले. दादा हलला नाही. पुन्हा ओरडले. त्याची पाठ तशीच.

माझ्या रागाचं पाणी झालं. कुजबुजत कुणीच नव्हतं. त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि शेजारी बसून मी नुसती भांडत होते. फार लाज वाटली.

मी खांद्यावर हात ठेवला. त्याने माझा चेहरा पाहिला, काकांचा पाहिला, मग तो अख्खा ठिपका. संशय घ्यायला आता त्याच्याजवळ एकच जण उरला होता.

त्याने नखाने ठिपका खरवडला आणि स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रू हळूहळू बाहेर फिरवू लागला, पण इंजिनाकडे न बघता. तो माझ्या ओठांकडे बघत होता. आवाज उतरत गेला, मंद झाला, एकसारखा झाला.

"बस," मी म्हणाले.

"खरं सांगतेस ना?"

मी मान डोलावली. मग त्याने माझ्या टेबलावरची नेलपॉलिशची बाटली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"ठिपका तू लाव," तो म्हणाला.