तेल प्यालेली मान

नवी गिटार एका पावसाळ्यात वाकडी झाली आणि दोष माझ्यावर आला. गिटारीचा जो लांब दांडा असतो, ज्याच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात, त्याला आम्ही वाजवणारे मान म्हणतो. ती मान पुढं झुकली होती. तारा लाकडापासून इतक्या वर गेल्या होत्या, की दाबून दाबून बोटांची सालटी निघाली. मी कुरकुरलो की आप्पा गोठ्यातून ओरडायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावजवळच्या सांबऱ्यात थोडी शेती, दोन बैल, आणि बी.कॉम. झालेल्या पोरानं असला भोपळा मांडीवर घेऊन का बसावं याचं कधी न संपणारं आश्चर्य.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. नोकरीचे अर्ज टाकत होतो आणि बेळगावातल्या एका ऑर्केस्ट्राच्या मागं लागलो होतो. त्याच्या मालकानं स्पष्ट सांगितलं होतं, "वाजवतोस बरा. पर सोताची गिटार घेऊन ये. मागून आणलेल्या गिटारीवर मी कुणाला कायमचा घेत न्हाय." म्हणजे सगळं त्या मानेवर अडलं होतं. दुसरी गिटार मला या जन्मी मिळणार नव्हती, हे घरातल्या बैलांनाही ठाऊक होतं.

खडेबाजारातल्या ज्या दुकानातून गिटार घेतली तिथं गेलो. दुकानदारानं मान हातात धरून एक डोळा मिटून पाहिलं, आणि गॅरंटीचं कार्ड माझ्याच हातात परत ठेवलं. "कंपनीला लिवा." कंपनी दूर बंगालात. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून इंग्रजीत पत्र केलं, वाकडी मान चार स्क्रू काढून पार्सलनं पाठवली आणि पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसलो. दोन महिन्यांनी गोणपाटात शिवलेलं पार्सल आलं.

आत नवी मान होती. पांढरटसर, गुळगुळीत, पितळी पट्ट्या बसवलेली, पण लाकूड अगदी कोरं. पॉलिशचा थेंब नाही. सोबत छापील कागद. तुमच्या गिटारीच्या रंगाशी जुळेल असं पॉलिश तिकडंच करून घ्या. एक महिन्याच्या आत करा. चारी अंगांनी करा, खुंट्यांच्या भोकांच्या आतूनही करा. तेल किंवा मेण लावलं तर नव्या मानेची एक वर्षाची गॅरंटी संपली. पॉलिश करणाऱ्यानं 'तेल लावलेले नाही' या ओळीखाली सही करायची आणि कार्ड परत पाठवायचं. मी तो कागद तीनदा वाचला आणि घडी घालून ट्रंकेत टाकला. घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं, आणि मराठीत समजावून सांगावं एवढी मला त्यांची किंमत वाटत नव्हती. हे आज लिहितोय. तेव्हा एवढंच वाटायचं की यांना काय कळणार.

बेळगावच्या शहापुरात विणकरांच्या गल्लीला लागून एक पॉलिशवाला मिस्त्री होता. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा फडक्यात बांधून असा हात फिरवायचा की कपाटात आपला चेहरा दिसावा. हात सोन्याचा, पण वायदा पाण्याचा. लग्नसराई होती. कॉट, ड्रेसिंग टेबल, देव्हारे, सगळी गल्ली अडवून बसलेले. मी मान घेऊन गेलो की तो हसत सांगायचा, "नाळी बर्री." उद्या या. कानडीत सांगितलं की माणूस चिडत नाही, असा त्याचा समज असावा. मी सायकल मारत सांबऱ्याहून येत होतो आणि 'नाळी बर्री' घेऊन परत जात होतो. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी त्यानं मानेवर नख ओढून पाहिलं आणि म्हणाला, "लाकूड वलं हाय अजून. चार-पाच दिस घरात टांगून ठेव, वाळू दे. मग एका बैठकीत करून देतो."

हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? पण अडला हरी. मी घरी येऊन मान माजघरातल्या आढ्याला सुतळीनं टांगली आणि दुसऱ्या दिवशी निपाणीला गेलो. तिथं ऑर्केस्ट्राचे तीन कार्यक्रम होते. मी एका ओळखीच्याची गिटार मागून नेली होती. मालकानं ती बघितली आणि मला मागच्या रांगेत बसवलं. माइक माझ्यापासून चार हात लांब. तीन दिवस मी काय वाजवलं ते फक्त मला ऐकू आलं.

पाचव्या दिवशी परत आलो. आढ्याला नुसती सुतळी लोंबत होती.

आप्पा परड्यात बसले होते. मांडीवर पोतं, पोत्यावर माझी मान. शेजारी करडईच्या तेलाची वाटी. मान आता पांढरी नव्हती, गुळाच्या ढेपेसारखी तांबूस झाली होती आणि उन्हात चकाकत होती. तिच्या डोक्याला हळदकुंकू लावलं होतं. आप्पा तळव्यानं तेल असं जिरवत होते, जसं न्हाऊ घालणारी बाई पोराच्या अंगाला जिरवते.

"ह्ये काय केलासा?" माझा आवाज फुटला.

त्यांनी वर पाहिलं. चेहरा खुशीत होता. "आलास व्हय? बघ की कसं प्यालंय! चार दिस लावतोय. सकाळी लावलं की सांजपतोर कोरडं. लई तहानलेलं लाकूड रं. असं कोरडं ठिवलं तर वाकणार न्हाय तर काय हुईल? पयलं बी असंच वाकलं असणार."

आमच्याकडं नवं लाकूड कोरडं कामाला लावत नाहीत. जू असो, कुळवाचा दांडा असो, कुऱ्हाडीचा असो, आठ-पंधरा दिवस तेल पाजायचं, हळदकुंकू वाहायचं, मग हातात घ्यायचं. आमच्या जुवाला आजोबांच्या हातचं तेल होतं. मी लहानपणापासून हे बघत आलो होतो, आणि तरी मान आढ्याला टांगताना माझ्या मनात आलं नाही की यांच्या नजरेला काय दिसेल. पोरानं नवं दांडकं आणलंय आणि तेल न पाजताच टांगून गेलाय. एवढंच दिसलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गिटारीतलं काहीतरी त्यांना कळत होतं.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या दिवशी मी वाटी लाथेनं उडवली. तेल मातीत गेलं. आप्पांनी मान पोत्यावर हळूच ठेवली आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

मिस्त्रीनं मान हातात घेतली, हुंगली आणि हसायलाच लागला. "ह्येची काय भजी तळायची हाईत व्हय?" मग गंभीर झाला. तेलावर चपडी धरत नाही, महिनाभर उन्हात टाकली तर बघू. माझ्याकडं महिना कुठला? दहा-बारा दिवस उरले होते. मग सुरू झाला माझा उद्योग. स्पिरिटचा बोळा फिरवायचा, खडूची पूड चोळायची, पुसायची, उन्हात ठेवायची. सकाळी कोरडी वाटायची, दुपारी ऊन चढलं की पुन्हा आतून तेल पाझरायचं. माझी नखं पांढरी झाली, बोटं फाटली. मी चोळताना आप्पा लांबून बघत असायचे. एकदा जवळ आले आणि म्हणाले, "प्यालेलं तेल लाकूड परत देत न्हाय रं." मी चोळतच राहिलो.

मुदतीला दोन दिवस राहिले तेव्हा मिस्त्रीनं कंटाळून पातळ हात मारले. पॉलिश बसलं, पण जागोजाग डाग राहिले. कसं का असेना, बसलं. कार्ड पुढं केलं. त्यानं विचारलंसुद्धा नाही, पेन मागितलं. "टाकतो की सही. तिकडं कोण हुंगून बघतंय?"

आप्पा त्या दिवशी बाजाराला म्हणून माझ्यासोबत आले होते. दारातल्या स्टुलावर बसले होते. म्हणाले, "काय लिवलंय त्यात?"

मी सांगितलं. तेल लावलेलं नाही असं लिहिलंय.

"पर लावलंय न्हवं. मी लावलो."

"आप्पा, गप्प बसा."

"असं कसं? ह्येला कशाला खोटं बोलाय लावतोस? खरं लिव. बापाला ठावं नव्हतं, बापानं तेल लावलं म्हणावं. ती बी माणसंच की. त्येंला बाप न्हाईत व्हय?"

मिस्त्रीनं पेन खाली ठेवलं. माझं डोकं असं तापलं की वाटलं, बरं, एकदा दाखवूच यांना जग कसं चालतं ते. मी त्याच कार्डावर इंग्रजीत लिहिलं, माझ्या वडिलांनी अजाणता चार दिवस करडईचं तेल लावलं, नंतर पॉलिश केलं आहे, कृपया गॅरंटी चालू ठेवावी. खाली मिस्त्रीची सही, त्याखाली आप्पांची मराठीत, एक एक अक्षर दाबून केलेली. त्यांचं समाधान झालं. हात दाखवून अवलक्षण मी जाणूनबुजून केलं होतं, आणि ते त्यांच्या नावावर केलं होतं.

उत्तर तीन ओळींचं आलं. मानेला तेल लावल्यामुळे गॅरंटी लागू नाही. यापुढं पत्रव्यवहार करू नये.

मी ते आप्पांना वाचून दाखवलं. जेवायला बसले होते तेव्हाच वाचलं. आधी इंग्रजीत वाचलं, मग शब्द न् शब्द मराठीत. "कळलं काय लिवलंय? ती माणसं न्हाईत. कंपनी हाय. तुमच्या तेलानं माझी गॅरंटी घालवली. आजपास्नं माझ्या कुठल्या बी वस्तूला हात लावू नका."

त्यांनी ताटात भाकरीचा तुकडा राहिला होता तो संपवला, हात धुतला.

मान चार स्क्रूंनी गिटारीला बसवली आणि ऑर्केस्ट्रात गेलो. मालकानं मला पुढं बसवलं. रोज सकाळी मी एक डोळा मिटून मान बघायचो, वाकली का, आता वाकली का. वाकली नाही. पावसाळा गेला, थंडी गेली, कंपनीनं न दिलेल्या गॅरंटीचं वर्ष संपलं. मान सुतासारखी सरळ होती. हे आप्पांना सांगायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं. रोज म्हणायचो उद्या सांगू. मिस्त्रीला नावं ठेवणारा मी, पण 'नाळी बर्री' माझ्याही तोंडी बसलं होतं.

पुढं मला बेळगावात सरकारी कचेरीत नोकरी लागली, कार्यक्रम कमी झाले. गिटार माजघरात खुंटीला असायची. ऐंशीनंतरच्या एका श्रावणात पाऊस तीन दिवस हटला नाही. दुपारी मी फाइलीत डोकं घालून बसलो होतो. शिपाई आत आला, म्हणाला, बाहेर कुणी म्हातारा तुमचं नाव घेतोय. दारात आप्पा उभे होते. डोक्यावर पोत्याची खोळ, धोतरातून पाणी गळत होतं. आई मामाकडं गेली होती, घरात ते एकटेच होते. एसटी अर्ध्या वाटेत बंद पडली म्हणून उरलेली वाट चालत आले होते.

"माकडांनी कौलं हलवल्यात. माजघरात धार लागलीया. तुझ्या गिटारीवर पाणी पडाय लागलंय. चल बिगीनं."

"मग काढून बाजूला ठिवायची न्हाई व्हय?" मी सगळ्या कचेरीसमोर ओरडलो.

"तू हात लावू नका म्हणालतास न्हवं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. शेतावर जाताना वाट विचारल्यासारखं त्यांनी ते सांगितलं.

घरी पोचेपर्यंत तीन तास गेले होते. जोंधळ्याची पोती त्यांनी ओढून कोरड्या जागी नेली होती, अंथरुणं उचलली होती, पाट, कंदील, माझी ट्रंकसुद्धा दाराजवळ आणून ठेवली होती. ट्रंकेला हात लावावा लागला म्हणून त्यांनी मला दोनदा सांगितलं. गिटार एकटी खुंटीला होती. तिची पोकळ लाकडी पेटी फुगून शिवणीत उकलली होती, मागची फळी सुटली होती. मान मात्र जशीच्या तशी होती. पाणी तिच्यावरनं ओघळून गेलं होतं. मी स्क्रू काढून ती वेगळी केली आणि कोरडं फडकं तिच्याभोवती गुंडाळून आप्पांच्या पुढं धरली.

"पुसतासा काय जरा?" मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"तूच पूस रं," म्हणाले. "माझं हात वलं हाईत."