सिनेमात कापलेलं वाक्य

पुस्तकावरून किंवा नाटकावरून निघालेला चांगला सिनेमा सांगा, असं कुणी म्हटलं की मी सुरूच होते. आधी पुस्तक वाचावं की आधी सिनेमा बघावा, यावरून मी भल्याभल्यांशी भांडलेय. मूळ पुस्तक न वाचताच ‘पुस्तकाची सर नाही’ म्हणणाऱ्यांचा तर मला मनस्वी राग येतो. माझ्या आवडत्या एका कादंबरीत नायकाची घालमेल पानंच्या पानं चालते. सिनेमात तो फक्त चष्मा पुसतो, पुन्हा पुसतो, आणि आपल्याला सगळं कळतं. असे सिनेमे मी लोकांना हक्काने बघायला लावते. पण नाटकावरून केलेला एक सिनेमा आहे, तो सुचवताना मी कचरते. तरी मी तो सुचवतेच.

त्या नाटकाचे आमच्या नाशिकात हौशी मंडळींनी पुष्कळ प्रयोग केले आणि माझे वडील त्याचे प्रॉम्प्टर होते. नोकरी कचेरीत, जीव विंगेत. मांडीवर संहिता घेऊन स्टुलावर बसायचे, आणि नट अडखळला की वाक्याचे पहिले दोन शब्द कुजबुजायचे. दोनच. सगळं वाक्य आयतं दिलं की नट सोकावतो, असं त्यांचं म्हणणं. नटाने वाक्य उचललं की ते पान उलटायचे आणि मागचं डोक्यातून काढून टाकायचे. उचललं नाही, तर पान तसंच धरून पुन्हा तेच दोन शब्द.

म्हातारपणी त्यांचं विसरणं वाढत गेलं. आधी गंगापूर रोडवरून घरी यायचा रस्ता गेला, मग माझ्या दिवंगत आईचं नाव गेलं, शेवटी मी गेले. मला ते ‘अहो बाई’ म्हणू लागले. पोटच्या पोरीला बाप विचारतो, अहो बाई, जरा पाणी देता का? ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. नाटक मात्र त्यांच्या डोक्यात शब्दन्‌शब्द शाबूत होतं. म्हणून दुपारी मी त्यांना तो सिनेमा लावून द्यायची.

उन्हामुळे पडदे ओढलेले असायचे. अंधाऱ्या खोलीत वडील टीव्हीतल्या माणसांच्या आधी ओठ हलवायचे. ते कुजबुजणार, मग नट बोलणार. हा सिनेमा यांच्याच सांगण्यावरून चाललाय, असं वाटायला लागायचं. हे थांबले तर तीही माणसं गप्प होऊन आमच्याकडे बघत बसतील, अशी मला खरोखरच भीती वाटायची.

शेवटच्या प्रसंगात घर सोडून गेलेली मुलगी परत येते आणि उंबऱ्यात उभी राहते. आत तिचा बाप दिव्याकडे हात नेतो. नाटकात ती म्हणते, “दिवा मालवू नका, मी आलेय.” सिनेमात हे वाक्य कापलंय. ती नुसती बघत राहते. मला विचाराल तर योग्यच केलंय, त्या बघण्यात सगळं येतं. पण हे वडिलांना कोण समजावणार? “दिवा मालवू...” ते कुजबुजायचे. ती गप्पच. “दिवा मालवू...” ते घामाघूम व्हायचे. मुलगी वाक्य विसरली, आता प्रयोग पडणार.

एकदा मला ते बघवेना. मीच सोफ्यावरून वाक्य म्हणून टाकलं. वडिलांनी हवेतल्या हवेत पान उलटलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “छान घेतलंस, पोरी.”

ते नटीला म्हणाले की मला, हे मी विचारलं नाही. पुढे रोज दुपारी मी त्या एका शब्दासाठी तो सिनेमा लावत राहिले. ते गेल्यावर मात्र तो लावायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर चांदवडकडचं जोडपं राहायला आलं. नवरा सातपूरला कारखान्यात, ही दिवसभर एकटी. तिने वडिलांना पाहिलेलं नव्हतं आणि मीही त्यांच्याबद्दल कधी बोलले नव्हते. एखादा चांगला पिच्चर सांगा, म्हणाली, तर मी तीन-चार सांगितले, त्यात हाही. तो मोबाईलवर बघून ती माझा डबा परत द्यायला खाली आली.

“पिच्चर लय भारी हाय, काकू,” ती म्हणाली. “पण शेवटी ती पोरगी उंबऱ्यात उभी राहती ना, तवा मागून कोन म्हातारं कुजबुजतं ओ? दिवा मालवू, दिवा मालवू. पुढं बोलतच नाय.”

तिने नाटक वाचलं असेल म्हणावं, तर ते कधी छापलंच गेलं नाही. मी तिला बसवून घेतलं आणि टीव्हीवर सिनेमा लावला. मुलगी उंबऱ्यात आली तेव्हा उठून पंखा बंद केला. मला काहीच ऐकू आलं नाही. शेजारणीने माझं मनगट धरलं.

“ऐकलं का?” तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती टीव्हीकडे बघतच हळू म्हणाली, “थांबलंय ते, काकू. कुनीतरी बोलावं म्हनून थांबलंय.”

वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. वाक्य घेतलं की वडील पान उलटणार आणि मागचं विसरणार. एकदा विसरलेत मला, तेवढं पुरे.

त्यानंतर किती वेळा कान देऊन बसले, पण मला ती कुजबुज आजवर ऐकू आली नाही. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून भेटेल त्याला मी तो सिनेमा बघायला सांगते आणि शेवटी काय ऐकलं ते विचारते. नाव इथे लिहीत नाही, भेटलात तर सांगेन. पंखा बंद करून बघा. आणि उंबऱ्यापाशी कुणी कुजबुजलं, तर पुढचं वाक्य तुम्हाला आता ठाऊक आहे. कृपा करून ते म्हणू नका.