ईरप्पाची उसनी जीभ

ईरप्पाची आणि माझी पहिली भेट झाली त्या दुपारी सोलापुरात असं ऊन होतं की रस्त्यावरचं डांबर माझ्या चपलेसकट घरी निघालं होतं. जुळे सोलापुरात ‘वेल’ नावाची पाटी दिसली, आणि थंड बिअरच्या आशेनं मी आत शिरलो. दारात एक नाक उभं होतं. त्याच्या मागे, बऱ्याच अंतरावर, मालक ईरप्पा उभा होता.

“बर्री, या. सकाळपासनं काय काय खाल्लाव?”

दवाखान्यात आल्यासारखं मी खरं सांगून टाकलं. “वांग्याची भाजी, भाकरी, दोन केळी.”

“बिअर न्हाय ठेवत मी. आनि केळ्यावर तर मागूच नका.”

त्यानं ग्लासात बोटभर लाल वाइन ओतली आणि त्यात ते नाक घातलं. अग्निशामक दल बोलवावं लागतंय की काय, असं मला वाटेपर्यंत ते आत होतं. मग ग्लास माझ्यापुढे सरकवून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. जणू मी गिळलं की गावाला रोज पाणी येणार होतं.

“काय लागतंय?”

“वाइन.”

“ते बाटलीवर लिवलंय की! चव सांगा, चव!”

ईरप्पानं जन्मात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. लिंगायत दीक्षेत गळ्यात लिंग बांधलं त्या दिवशी त्यानं वडिलांना, शिवलिंगप्पांना, तसा शब्द दिला होता. वडील गेले, शब्द राहिला. पुढे द्राक्ष बागायतदारांच्या सहलीत त्यानं नाशिककडच्या वाइनच्या एका तळघरात पिंपांचा वास घेतला आणि त्याचं डोकं फिरलं, ते फिरलंच. बाटल्या तो नाकानं निवडायचा. जिभा आमच्या वापरायचा.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले उदयसिंह आणि मी, या त्याच्या दोन कायमच्या जिभा. जांभळाची वाइन, मधाची, मातीच्या रांजणात पुरून काढलेली नारिंगी रंगाची, जे येईल ते आम्ही प्यायचो आणि आम्ही बोलू ते शब्द तो जसेच्या तसे यादीत छापायचा. ‘क्रमांक चार : गाळपाच्या हंगामात श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून जाताना एसटीची खिडकी उघडी राहिली तर.’ हे वाचूनही लोक ती मागवायचे. सोलापूरकर धाडसी आहे. फक्त त्याला चकणा फुकट लागतो.

चकणा नव्हता, पण ईरप्पाच्या बायकोचा, महानंदावहिनींचा, स्वयंपाक होता. मंद्रूपच्या बाजारात त्या आठवड्याला जे येईल तेच त्या रांधायच्या. थंडीत हुरडा आणि चाकवत, उन्हाळ्यात कैरी. मेमध्ये चाकवत मागणाऱ्या एका वकिलाला त्यांनी पंचांग आणून दाखवलं होतं.

एका वर्षी ईरप्पानं मंद्रूपजवळच्या आपल्या बागेतली, म्हणजे शिवलिंगप्पांनी लावलेली, थोडी द्राक्षं एका कारखान्याकडून वाइन करून घेतली. खायची द्राक्षं ती. बेदाण्याचा व्यापारी दर वर्षी सगळी उचलायचा. वाइन जमली तर पुढल्या वर्षी व्यापाऱ्याला नाही म्हणायचं आणि सगळी बाग वाइनला द्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. बाटलीवर अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, नाव घालायचं, हेही.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला त्यानं आम्हाला शेतात जेवायला बोलावलं. पूजा झाली, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी आणि आंबील पानांवर आली, आणि मग झाडाखाली ती बाटली उघडली. ईरप्पा प्रत्येकापुढे उकिडवा बसत होता.

“काय लागतंय?”

मला पावसाळ्यातल्या नळासारखं काहीतरी लागत होतं. पण त्याचे डोळे बघितले. “नाजूक आहे,” मी म्हणालो.

“हलकी,” उदयसिंह म्हणाले. “फार हलकी. म्हणजे चांगल्या अर्थानं.”

ईरप्पा हरखला. “व्यापाऱ्याला आजच फोन करतो.”

तेवढ्यात भज्जीचं पातेलं खाली ठेवून महानंदावहिनी आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

“अगं, ती दारू हाय!”

“अण्णांना शब्द तुमी दिलता, म्या न्हाय.” त्यांनी घोट घेतला. तोंडात घोळवला. आम्ही दोघं पानातल्या भज्जीकडे फार लक्ष देऊन बघू लागलो.

“ह्यात काय न्हाईच की ओ,” त्या हळू म्हणाल्या. “गोड बी न्हाय, आंबट बी न्हाय. मामंजींची द्राक्षं खायाची व्हती.”

“मग हे दोघं?”

“त्यांना आत्ता घरी जायाचंय. मला तुमच्यासंगं ऱ्हायाचंय.”

ईरप्पानं बागेकडे बघितलं. मग त्यानं बायकोला पाण्याचा तांब्या दिला.

“घसा जळला का गं?”

“न्हाय. म्हनलं न्हाय का, त्यात काय न्हाईच.”

तो हसला, मग त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि भज्जी मागितली.

फेब्रुवारीत सगळी द्राक्षं बेदाण्याला गेली.