लॅपटॉपचा मेंदू आणि माझ्या हातातला दोर

मागच्या मंगळवारी सुनेचा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून दर्यापूरहून अमरावतीला गेलो. काळीपिवळी जीपमध्ये तो मांडीवर घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला माझा जीव खालीवर होत होता...

माझी सून वर्षा घरीच लग्नपत्रिका तयार करते. टायपिंग तिचं, नाती माझी. कोण कोणाचा मामा, कोणत्या काकूचं नाव आधी घालायचं, हे मी शेजारी खुर्ची टाकून सांगतो. शिक्षण सातवीपर्यंतच झालं, पण पंचक्रोशीतली नावं पाठ आहेत. एक नाव सुटलं तरी मांडवात रुसवे होतात, म्हणून पत्रिका छापून येईपर्यंत मला झोप नसते.

लॅपटॉप जुना आहे. पत्रिकेचं सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्ट त्याच्यावरच नीट चालतात, नव्यावर अक्षरं मोडतात. पण हल्ली नवरीचा फोटो टाकला की तो चक्कर आल्यासारखा थांबायचा, तापायचा. सोमवारी तर सुरू झाला की लगेच बंद पडू लागला... आणि आमच्या ओळखीतल्या एका मुलीची पत्रिका आतच होती. बुधवारी प्रेसला द्यायची होती, कॉपी दुसरीकडे कुठंच नव्हती.

प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, बदलून जास्त ताकदीचा टाका, असं एकानं सुचवलं. फोनवर मॉडेल सांगितलं, तर त्यात बसेल असा प्रोसेसर अमरावतीच्या एका दुकानात असल्याचं कळलं. मुलगा ड्युटीवर, नातू लहान म्हणून वर्षाला निघता येईना. मग मीच निघालो.

जीपमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय हो टावेलात?" मी म्हटलं, लॅपटॉप आहे, मेंदू बदलायला नेतो आहे. तो म्हणाला, "मेंदूच बदलला, तं मांगचं सारं इसरन न मंग तो!"

झालं... आमच्या ओळखीतल्या एकाचं मेंदूचं ऑपरेशन झालं आणि तो पोरांची नावं विसरला, ते आठवलं. पत्रिकेतल्या त्या नवरीला वडील नाहीत. आईनं दारोदार फिरून दोन्हीकडची नावं विचारून आणली होती. सगळं पुसलं गेलं तर त्या माउलीसमोर कसा उभा राहणार होतो मी?

दुकानात एक ताई होत्या, पस्तिशीच्या. "ठेवून जा काकाजी, संध्याकाळी या," म्हणाल्या. मी म्हटलं, थांबतो. त्यांनी स्टूल दिला, पण बसवेना. टेबलाला टेकून उभाच राहिलो.

त्यांनी खालचं झाकण उघडलं. पंख्यातून चिमट्यानं धूळ काढली, तिच्यात गवताच्या काड्या. "याले कूलरसमोर ठेवत होते काय?"

तापतो म्हणून दुपारी मीच त्याला कूलरची हवा देत होतो, कूलरच्या जाळीतलं गवत हवेबरोबर आत गेलं होतं. तसं सांगितलं.

"बापा! मंग माठातच काहून नाई ठेवला?"

हसू आलं, पण घाम काही थांबेना. मेंदू काढल्यावर पत्रिका राहील ना, असं विचारलं. राहील म्हणाल्या. थोड्या वेळानं परत विचारलं. त्यानंतर पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काकाजी, मी काय मशीन खाऊन राह्यली काय? काहून असे डोक्यावर उभे राह्यले?"

मी म्हटलं, "बाई, बैलाले नाल ठोकतानी धनी दोर धरून उभा रायते. तशी सवय हाय."

त्यांनी लॅपटॉपच्या दुसऱ्या कोपऱ्यातले स्क्रू काढले, एक चपटी डबी ओढून बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. हार्ड डिस्क म्हणतात तिला.

"घ्या, हा तुमचा दोर. पत्रिका, फोटो, सारं याच्यात हाय. मेंदूत काई नसते. माहं काम होयेपर्यंत धरून बसा. मी मांगतली तरी देऊ नका."

मी स्टुलावर बसलो... डबी रुमालात घेऊन मूठ घट्ट केली. आता जुना प्रोसेसर निघाला तेव्हा मी स्टुलावरून उठलोही नाही. छोट्या बिस्किटाएवढा तर होता. नवा बसवून त्यांनी त्याच्यावर मलमासारखं काही लावलं, पंखा परत जोडला. आणि मी चक्क चहा प्यायलो, एका हातानं.

"आणा," त्या म्हणाल्या. मला मूठ उघडवेना.

"सोडा आता काकाजी. बैल उभा राह्यला."

स्क्रीन आधी काळीच होती... मग उजेड आला. पत्रिका उघडली, नवरीचा फोटो झटक्यात आला. मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळं वाचून काढलं. एकही आत्या, एकही मामा हरवला नव्हता. डोळे भरून आले आणि जीप चुकेल म्हणून घाईनं निघालो.

घरी वर्षा म्हणाली, "मामाजी, हा तं आता माह्या पुढं पळून राह्यला!" बुधवारी पत्रिका वेळेत प्रेसला गेली.

मी भित्रा माणूस आहे. "घाबरू नका" असं आयुष्यभर पुष्कळांनी सांगितलं आणि ते ऐकून मी जास्तच घाबरलो. धरायला हातात काहीतरी देणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

पत्रिका छापून आली आहे. नवरीच्या आईकडून एक जास्तीची मागून घेतली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. उद्या अमरावतीला जाऊन त्या ताईंना देणार आहे. फक्त वर नाव घालायचं राहिलं... साऱ्या पंचक्रोशीची नावं पाठ असलेला मी, त्यांचं नाव विचारायचंच विसरलो. पेन सोबत नेतो आहे.