धाब्यावरचे शेंडे

चार माणसं घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर बसून आभाळाकडे बघायला लागली, की खाली किस्से साचतात. आमच्याकडे इतके साचले, की त्यातले घडलेले कोणते आणि माझे कोणते, हे आता मलाही सांगता येत नाही.

अठ्ठेचाळीस सालची दिवाळी नुकतीच झाली होती. पहाटे नगरच्या पूर्वेला शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू दिसायचा, लांब शेपटीचा, नुसत्या डोळ्यांनीही दिसणारा. पूर्व मोकळी असलेलं धाबं आमच्यात एकट्या विष्णुपंतांचं. हे कोर्टात कारकून. पण घरात त्यांची आई, आमच्या काकू. मागचं शेंडेनक्षत्र आलं, त्याच साली काकूंचे यजमान प्लेगात गेले. आणि आता सूनबाईंचे दिवस भरत आलेले. आधीची दोन मुलं जगली नव्हती.

"आईच्या कानावर जाता कामा नये," विष्णुपंत म्हणाले. "आजपासून नुसतं शेंडे म्हणायचं."

*

दुर्बीण सखाराम पाटलांची. लढाई संपल्यावर लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात तंबूंच्या ढिगाबरोबर त्यांच्या गळ्यात पडलेली. तिच्या काचेवर अंतर मोजायच्या बारीक रेघा होत्या.

ड्रॉइंगचे गद्रे मास्तर शेपूट मोजून म्हणाले, "चार रेघा भरते."

"शेजारच्या चांदन्यांची हरकत हाय का, तेबी इचारून घ्या," पाटील म्हणाले. "आबाळाची मोजनी पयल्यांदाच हुतीया."

*

निजामाच्या हद्दीतली धामधूम नुकतीच निवली होती. शहर अजून कानोसा घेत झोपायचं. एका पहाटे मी वर विचारत होतो, "शेंडे दिसले का?" आणि खाली गस्तीचा शिपाई थांबला.

"कोन शेंडे? कुठले?"

विष्णुपंतांना खोटं बोलणं जिवावर यायचं. "पूर्वेकडचे."

"म्हंजे निजामाकडचे?"

"त्याच्याही पलीकडचे."

शिपाई तडक वर आला. पाटलांनी दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली. बराच वेळ तो बघत राहिला. मग त्याने टोपी काढून हातात घेतली.

उतरताना जिन्यात काकूंनी त्याला गाठलं. "वर कोण आलंय?"

"शेंडेसाहेब," तो म्हणाला आणि निघून गेला. असा पोलीस मी पुन्हा पाहिला नाही.

*

त्या दिवसापासून वर चहाचा एक कप जास्त यायला लागला. शेंड्यांचा. तो पाटील पिऊन टाकत.

एकदा काकूंनी विचारलं, "हे शेंडे कधी खाली कसे येत नाहीत?"

"लई लाजाळू मानूस हाय, काकू. उजाडलं की त्वांड लपिवतो."

"नकोच येऊ दे खाली," काकू म्हणाल्या. "चहा वरच देत जा."

*

शेपूट रोज फिकी होत गेली. मास्तरांच्या चार रेघांची एक उरली. सूनबाईंना कळा सुरू झाल्या, त्या पहाटे दुर्बीण कोणी उचलली नाही. धूमकेतू सूर्याला वळसा घालून कसा निघून जातो, हे आम्हाला समजावून देणारे विष्णुपंत पूर्वेकडे पाठ करून बसले होते.

उजाडता उजाडता खालून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं.

आम्ही उतरलो. माजघराच्या दारात काकू नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"शेंडे गेले का रे?"

"गेले, आई."

"रिकाम्या हातानं गेले ना?"